मामांचे उलटे सेल

पेणच्या जनू पाटलांना ऐकू येत नाही ही गोष्ट त्यांच्या आळीत सगळ्यांना माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त जनू पाटलांना. त्यांचं म्हणणं असं, की हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यांनी आयुष्यभर मिठागरावर मुकादमी केलेली, या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय. त्यामुळे स्वतःचं बोलणं त्यांना अजूनही लख्ख ऐकू यायचं. दुसरा काय बोलतो याची ते फारशी फिकीर करत नसत, कारण त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "व्हय."

या 'व्हय'ने बराच घोळ घातला होता. देवळाच्या कमिटीवाल्यांनी विचारलं, "पाटील, यंदा भंडाऱ्याचं जेवण तुमच्याकडं धरू काय?" पाटील म्हणाले, "व्हय." शेजारच्या पोपटने कुंपणावरून विचारलं, "तुमचा आंबा माझ्या कौलांवर येतो, तोडू काय?" पाटील म्हणाले, "व्हय." संध्याकाळी परड्यात आंबा आडवा पडलेला पाहून त्यांनी सगळी आळी गोळा केली, आणि पोपटने सर्वांसमक्ष त्यांना त्यांच्याच 'व्हय'ची आठवण करून दिली. तेही त्यांना ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "व्हय, व्हय, पण आंबा कुणी तोडला?"

इथवर ठीक होतं. पण धाकट्या दिपिकाचं लग्न ठरायला आलं, आणि त्यांची थोरली मुलगी सरू रोह्याला बसल्या बसल्या घाबरी झाली. मुलगा चांगला होता. प्रविण नाव, कासूचा, नागोठण्याच्या बाजूला कंपनीत शिफ्टला जाणारा. दिपिकाला तो आवडला होता आणि त्यालाही ती. अडचण होती ती त्याच्या काकांची. प्रविणला वडील नव्हते, बोलणी करणार काळुरामभाऊ. हे गृहस्थ गावच्या सुधारणा मंडळाचे सचिव, हुंड्याच्या विरोधात दरसाल भाषण करणारे. बैठकीत ते सर्वांना ऐकू जाईल असं म्हणत, "आम्हाला फक्त मुलगी आणि नारळ." मग पाट थोडा पुढे सरकवत, मुलीच्या बापाच्या कानाला लागत, आणि बाकीचं कानात सांगत. या कानगोष्टीची आपल्याकडे जुनी रीत आहे. मागणारा मोठ्याने मागत नाही, देणारा मोठ्याने नाही म्हणत नाही, आणि पंचांसमोर एकदा 'व्हय' म्हटलं की शब्द गेला तो गेला.

"बाबांच्या कानाचं काहीतरी करा," सरू नवऱ्याला म्हणाली. "नायतर ते व्हय व्हय करून काळुरामभाऊंना घर पण लिहून देतील."

नवरा म्हणजे रघुनाथराव. धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर. दर महिन्याला इलेक्ट्रॉनिक्सचं मासिक घेणारा आणि ते वाचणाराही. कॉलनीतल्या अर्ध्या घरांना त्याने संगीत वाजवणाऱ्या घंटा करून दिल्या होत्या. त्यातल्या काही आपल्याच घरी वाजत, काही शेजारी. पण आपल्याला हात आहे, असं त्याचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं, आणि त्या मताला आजवर कुणी लेखी हरकत घेतली नव्हती.

विकतचं कानयंत्र मामांनी, म्हणजे त्याच्या सासऱ्यांनी, आधीच नाकारलं होतं. "बहिऱ्याचं यंत्र बहिऱ्यानं लावावं," असं ते म्हणाले. म्हणून रघुनाथने गुलाबी प्लास्टिकची साबणाची डबी घेतली, तिच्यात मासिकातलं सर्किट बसवलं, एक माइक, एक कानात घालायची वायर आणि टॉर्चमध्ये असतात तसे एकामागे एक बसणारे दोन पेन्सिल सेल. बाहेर मोठं बटण लावून शेजारी पांढऱ्या ऑइलपेंटने 'चालू' आणि 'बंद' असं सुवाच्य लिहिलं. डबी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वायर कानात घातली, की माणूस मॅचची कॉमेंट्री ऐकतोय असं वाटे. मामांना ही गोष्ट एकदम पटली. आळीत लोक त्यांना स्कोर विचारू लागले. आता प्रश्न ऐकू येत असल्याने ते अंदाजाने सांगतही, "दोन गेले."

यंत्र लावल्यावर त्यांना पहिलं जे ऐकू आलं ते म्हणजे त्यांच्या बायकोचं, पुतळाबाईंचं, स्वयंपाकघरातलं बोलणं. ते त्यांच्याविषयीच होतं आणि बरीच वर्षं चालू असावं असं दिसत होतं. मामा दिवसभर गप्प होते. रघुनाथने हा आपल्या सर्किटचा पहिला विजय मानला.

पुढच्या आठवड्यात यंत्र जळालं.

त्याचं असं झालं. आपल्याकडे सेल संपला म्हणून कुणी फेकत नाही, तो उन्हात ठेवतो. पुतळाबाई पोह्याचे पापड करत. अंगणात प्लास्टिकवर पापड वाळत, आणि त्यांच्या कडेला मामांचे दोन सेल. चांगले तापले की मामा ते डबीत परत घालत. आणि घालताना ते टॉर्चच्या हिशेबाने घालत. भरतीच्या वेळी बांध बघायला जाणाऱ्या माणसाला टॉर्चबद्दल कुणी शिकवायचं नसतं. टॉर्चमध्ये सेलचं डोकं बल्बाकडे असतं. डबीत बल्ब नाही, कान आहे. म्हणून डोकं कानाकडे. रघुनाथने नेमकं उलटं केलं होतं. वीज उलटी शिरली, सर्किटमधून कांदा करपल्यासारखा वास आला, आणि मामा पुन्हा शांततेत गेले.

रघुनाथने नवीन सर्किट करायला घेतलं. तोवर जुन्या डबीच्या आत लाल बाण काढला, आणि पेणला जाऊन मामांना समोर बसवून डोकं खाली, बूड वर, असं पुन्हा पुन्हा शिकवलं. मामा म्हणाले, "व्हय."

रोह्याला परतल्यावर त्याने ही हकीकत शेजारच्या जोसेफकाकांना सांगितली. जोसेफ अष्टमकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची मुलं इस्रायलला गेली होती, आणि तिकडून बोलावणी येत असूनही काका रोह्यातच होते, कारण तिकडे गेल्यावर सल्ला कुणाला द्यायचा हा प्रश्न होता. रघुनाथच्या कंपनीला सुट्टी शनिवारी. काका तर ज्यू, शनिवार पाळणारे, त्या दिवशी ते काडीला हात लावत नसत, सोल्डरिंग तर लांबच. त्यामुळे दर शनिवारी काका हात मांडीवर ठेवून आरामखुर्चीत बसत आणि रघुनाथ त्यांच्या देखरेखीखाली बोटं भाजून घेई. हातांना सुट्टी असली तरी तोंडाला नव्हती.

"अरे, इतकं सोपं आहे," काका म्हणाले. "सासरा बदलत नाही ना? मग तुझ्या वायरी बदल. तो डोकं कानाकडे करतो, तर तू सर्किटच तसं कर. टेलिफोन खात्यात आम्ही हेच करायचो. साहेब बदलत नाही."

रघुनाथला हे इतकं पटलं, की त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली. त्याने वायरी बदलल्या आणि यंत्र पेणला पाठवून दिलं. मधल्या काळात मामांनी जावयाचा शब्द मनावर घेतला होता. पुतळाबाईंना साक्षीला बसवून ते जुन्या डबीत सेल घालायची रंगीत तालीम करत होते. डोकं खाली, बूड वर. नवीन यंत्र आलं, मामांनी शिकवल्याबरहुकूम सेल घातले, आणि करपलेल्या कांद्याचा वास घरभर पसरला.

"तुम्ही सांगितलंत तसंच केलं," पेणला धावत आलेल्या जावयाला मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि रघुनाथला तेच जास्त लागलं. पोपटने तर कुंपणावरून विचारलं की जावई फटाके पण बनवतात काय.

इथून पुढे रघुनाथच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. माणसावर अवलंबून राहायचं नाही. यंत्रच असं हवं, की सेल सुलटे घाला नाहीतर उलटे, त्याचं काही बिघडता कामा नये. बैठक तोंडावर आली होती. सरू रोज विचारत होती. आणि आळीत 'जावयाचं यंत्र' हा शब्द आता विशिष्ट आवाजात उच्चारला जात होता.

"डायोड घाल," जोसेफकाका म्हणाले. वायरी बदलण्याचा सल्ला त्यांचा होता हे त्यांना आठवत नव्हतं, आणि रघुनाथनेही वयाचा मान ठेवून आठवण करून दिली नाही. डायोड म्हणजे एकाच बाजूने वीज सोडणारा पहारेकरी. उलटी वीज आली की आत सोडत नाही. रघुनाथने डायोड घातला, सेल मुद्दाम उलटे घातले, काही जळलं नाही. त्याने काकांना आनंदाने हाक मारली. मग सेल सुलटे घातले, आणि आवाज माजघरातून कुणी बोलावं तसा आला. हा पहारेकरी फुकट काम करत नव्हता. जाता येता पाऊण व्होल्ट स्वतःच खात होता. दोन सेलचे मिळून तीन व्होल्ट, उन्हात तापवलेले असले तर त्याहून कमी, आणि त्यातले पाऊण हा खाणार. मग मामांच्या कानाला उरणार काय?

"मग ट्रान्झिस्टर घाल," काका शांतपणे म्हणाले. "तो खात नाही. नावापुरतं खातो."

"कुठला घालू?"

इथे काकांनी डोळे मिटले. त्यांना माहीत नसलं की ते डोळे मिटत.

रघुनाथने कंपनीतल्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरला विचारलं. हा पोरसवदा मुलगा पुण्याहून आलेला, आणि आपण धाटावला का आलो हे त्याला अजून उमगलं नव्हतं. तो म्हणाला, "मॉसफेट वापरा. हल्ली सगळे तेच वापरतात. जवळजवळ काहीच खात नाही." रघुनाथने कंपनीच्या ड्रायव्हरला चिठ्ठी देऊन तो मुंबईहून मागवला.

ड्रायव्हरने तो बरोबर आणला, ही या हकिकतीतली एकमेव सुरळीत गोष्ट. पण गाडी कंपनीच्या गेटमधून आत आली आणि सिक्युरिटीने पुडी जप्त केली. गेटमधून आत आलेली प्रत्येक वस्तू स्टोअरला जमा, हा नियम. स्टोअरमधून बाहेर काढायची तर स्टोअरकीपरची सही, आणि वस्तू खाजगी असेल तर स्टोअरकीपरने ती द्यायची नाही. नियम कडक होता, कारण तो रघुनाथनेच केला होता. लोकांच्या जेवणाच्या डब्यांची झाकणं त्याने या नियमाखाली अडवून ठेवलेली होती. आता त्याने स्वतःच स्वतःला अर्ज केला, शेरा मारला, आणि सहीसाठी मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने अर्ज वाचला, अर्जदाराचं नाव वाचलं, मंजूर करणाऱ्याचं नाव वाचलं, आणि विचारलं, "तुमचं घरी सगळं ठीक आहे ना?"

शनिवारी मॉसफेट बसला. अंगठ्याएवढा, काळा, पाठीला धातूचा पत्रा, चांगला पैलवानी ऐवज. सेल उलटे घातले, काही जळलं नाही. सुलटे घातले, तरीही काही झालं नाही. पार सामसूम. रघुनाथने मासिकाचे जुने अंक उपसले तेव्हा उलगडा झाला. हा पैलवान काहीच खात नाही हे खरं, पण त्याला उठवायलाच चार व्होल्ट लागतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो उत्तम चालला असता. मामांच्या खिशात ट्रकची बॅटरी ठेवता आली असती तर प्रश्नच नव्हता.

"मी तुला तेव्हाच सांगणार होतो," जोसेफकाका म्हणाले.

शेवटी जे चाललं ते रघुनाथच्याच खणात होतं. वाटाण्याएवढा, अगदी साधा, पीएनपी जातीचा ट्रान्झिस्टर, जो तो घंटांमध्ये वापरायचा आणि ज्याच्याकडे त्याने या कामासाठी एकदाही पाहिलं नव्हतं. एक पाय सेलच्या डोक्याकडे, एक सर्किटकडे, आणि मधला पाय एका रेझिस्टरमधून सेलच्या बुडाकडे. सेल सुलटे असले की दार सताड उघडं, उलटे असले की बंद. आधी रेझिस्टर मोठा झाला तर दार अर्धवटच उघडलं. मग लहान घातला आणि आवाज असा खणखणीत आला, की काकांच्या पत्नी हन्नाकाकू पलीकडच्या खोलीत त्यांना उद्देशून जे पुटपुटल्या तेही त्याला स्पष्ट ऐकू आलं. ते त्याने काकांना सांगितलं नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळी रघुनाथ आणि सरू एसटीने पेणला निघाले. त्या वर्षी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर नको ते, फुटणारं सामान उतरलं होतं आणि तेव्हापासून रस्त्यावर नाकाबंदी असे. वाटेतल्या एका नाक्यावर गाडी थांबली, हवालदार आत चढला, आणि त्याने नेमकी रघुनाथची पिशवी उघडली. आत डबी, डबीतून निघालेली वायर, आणि सुटे सेल.

"हे काय हाय?"

"सासऱ्यांचा कान," रघुनाथ म्हणाला. घाईत बोलायची त्याला सवय नव्हती.

त्याला खाली उतरवण्यात आलं. हवालदाराने लिहायला घेतलं, 'गुलाबी रंगाची साबणदाणी एक. आत साबण नाही.' पुढे काय लिहावं हे त्याला सुचेना. मग तो म्हणाला, "चालवून दाखवा," आणि लगेच विचार बदलून, "नाय, तुम्ही हात लावू नका, मीच घालतो," असं म्हणून त्याने सेल स्वतः घातले. उलटे. बटण 'चालू' केलं. सगळा नाका श्वास रोखून उभा. काहीच झालं नाही. वास नाही, धूर नाही, काही नाही.

रघुनाथच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. दोन सर्किटं जळाल्यानंतर आज पहिल्यांदाच एका परक्या, अनोळखी, सरकारी हाताने सेल उलटे घातले होते आणि त्याच्या यंत्राने ते निमूट सोसलं होतं. त्याला राहवेना. तो म्हणाला, "वा!"

हवालदाराने लिहिलं, 'वस्तू बंद आहे. इसम हसत आहे.'

एसटीच्या खिडकीतून सरू हे सगळं बघत होती. आत बायका तिला विचारत होत्या की हे तुझे कोण, आणि ती बाहेर डोंगराकडे बघत होती. अखेर रघुनाथने विनवण्या करून सेल सुलटे करून घेतले. हवालदाराने वायर कानात घातली आणि तो एकदम ताठ झाला. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर त्याचे साहेब दुसऱ्या शिपायाशी बोलत होते, आणि विषय हवालदारच असावा. बराच वेळ त्याने वायर काढली नाही. मग डबी परत देऊन तो खिन्नपणे म्हणाला, "घेऊन जा. चांगलं नाय हे यंत्र."

पेणला पोचल्यावर रघुनाथने मामांना ओटीवर बसवलं, वायर त्यांच्या कानात घातली आणि विजयी स्वरात सांगितलं, "मामा, आता सेल कसेही घाला. उलटे घातले तरी जळणार नाही."

"नाय जळणार? मग काय व्हईल?"

"काहीच नाही. गप्प बसेल."

"आणि सुलटे केले का?"

"पुन्हा ऐकू येईल."

मामांनी डबी हातात फिरवून पाहिली. "बटण चालूवरच राहील?" त्यांनी विचारलं. रघुनाथ म्हणाला, बटणाचा याच्याशी संबंध नाही. मामा म्हणाले, "व्हय," आणि हे नेहमीचं 'व्हय' नव्हतं, पण रघुनाथ तेव्हा स्वतःच्या कौतुकात होता.

दुपारी पाहुणे आले. ओटीवर सतरंजी, वर पाट, एका बाजूला काळुरामभाऊ, प्रविण आणि त्यांच्या गावचे दोन पंच, दुसऱ्या बाजूला मामा, रघुनाथ आणि आळीतली माणसं. अंगणात पुतळाबाईंच्या पापडाच्या बायका लाटत बसल्या होत्या. काम थांबवून चालण्यासारखं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. दाराआड सरू आणि दिपिका. दिपिकाने पदराचं टोक बोटाला इतक्या वेळा गुंडाळलं होतं, की बोट पांढरं पडलं होतं.

पोह्यांपासून सुरुवात झाली. यंत्र उत्तम चाललं होतं. मामा नेमकं उत्तर देत होते, मध्येच हसत होते, आणि आळीतली माणसं रघुनाथकडे आदराने बघत होती. पोपटसुद्धा. काळुरामभाऊंनी घसा खाकरला आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचं मागणं काय नाय. मुलगी आणि नारळ." पंचांनी माना डोलावल्या. मग भाऊंनी पाट पुढे सरकवला, मामांच्या कानाशी आले आणि हळूच सुरुवात केली, "तरी पण पाटील..."

"थांबा," मामा म्हणाले. "सेल उतरले वाटतं."

त्यांनी सर्वांसमोर डबी उघडली, जुने सेल काढून बाजूला ठेवले, खिशातून कोरे करकरीत सेल काढले, त्यांचा कागद सोडवला, आणि एक एक करून आत घातले. रघुनाथ बघत होता. डोकं चुकीच्या बाजूला. तो अर्धवट उठला आणि म्हणाला, "मामा, ते उ..." मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मिठागरावर भांडणाऱ्या मजुरांकडे ते असंच बघत असावेत. रघुनाथ खाली बसला. मामांनी डबी मिटली, बटण 'चालू'वर आहे हे भाऊंना बोटाने दाखवलं, आणि म्हणाले, "हां, आता बोला. आता समदं ऐकू येतं."

भाऊ कानाशी पुटपुटले. मामा म्हणाले, "काय?" भाऊ जरा वरच्या आवाजात बोलले. मामा म्हणाले, "आवाज चढवा जरा, नवीन सेल हायत." ओटीवरच्या माना त्यांच्याकडे वळू लागल्या. भाऊंनी मान मागे घेतली, त्यांची नजर बटणावर गेली, मामांच्या चेहऱ्यावर गेली, आणि काहीतरी शिजतंय असा त्यांना संशय आला.

"जावईबापू," ते म्हणाले, "यंत्र तुमचंच ना? बघा बरं, सेल बरोबर घातलेत काय यांनी. का मुद्दाम केलंय?"

सगळ्यांच्या नजरा रघुनाथवर. त्याने डबी घेतली आणि उघडली. दोन्ही सेल त्याच्याकडे बूड करून बसलेले. नुसते फिरवले की यंत्र खणखणीत बोललं असतं, त्याचा वाटाण्याएवढा ट्रान्झिस्टर सर्वांसमोर सिद्ध झाला असता, आणि या आळीत करपलेल्या कांद्याचा विषय कायमचा संपला असता. किती शनिवार त्याने यासाठी बोटं भाजून घेतली होती. त्याने स्वतःला अर्ज केला होता. नाक्यावर त्याची शोभा झाली होती. आणि मामा समोर बसून त्याच्याकडे बघत होते, आता मुकादमासारखे नाही, नुसते मुलीच्या बापासारखे.

रघुनाथने डबी मिटली.

"सेल बरोबर आहेत," तो म्हणाला. "यंत्रातच दोष आहे. माझीच चूक झाली. मला जमलं नाही नीट."

पोपट खुदकन हसला. मग पंच हसले. भाऊ म्हणाले, "जमत नाय तर करावं कशाला माणसानं?" आणि यावर सगळी ओटी हसली. दाराआडून सरूची नजर आली. ती हसत नव्हती, आणि ते त्याहून वाईट होतं. रघुनाथ सतरंजीच्या काठाकडे बघत राहिला. त्याचे कान तापले होते.

यंत्र बिघडलेलंच म्हटल्यावर भाऊंपुढे दुसरा मार्ग उरला नाही. ते कानाशी तोंड नेऊन ओरडले, "मुलाला कंपनीत जायला..." मामा म्हणाले, "काय?" भाऊंनी आवाज आणखी चढवला, "मुलाला कंपनीत जायला मोटारसायकल!" मामांनी समजुतीने मान हलवली आणि विचारलं, "कोण आजारी हाय?" आणि सुधारणा मंडळाच्या सचिवांच्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदा, पेणच्या त्या आळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा शब्द निघाला, "मोटारसायकल! मोटारसायकल पायजे!"

अंगणात लाटणी थांबली. एक म्हातारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "कोणाला गो पायजे?" दुसरी म्हणाली, "नारळवाल्याला." दोन्ही पंच छताची कौलं बघू लागले. प्रविण लाल झाला होता. तो उठला आणि म्हणाला, "काका, पुरे. मला मोटारसायकल चालवता पण येत नाय. मी कंपनीच्या बसनं जातो." मग मामांपुढे वाकून, शक्य तितक्या मोठ्याने ओरडला, "फक्त नारळ!"

"व्हय," मामा म्हणाले. हे मात्र त्यांना यंत्राशिवाय कळलं.

नारळ दिला गेला, साखर वाटली गेली, पाहुणे गेले. जाताना भाऊ रघुनाथला सल्ला देऊन गेले की हा नाद सोडा. पोपटने मुंबईच्या एका कानाच्या डॉक्टरचा पत्ता देऊ केला. पापडाच्या बायका अजून अंगणातच होत्या. त्यांचं काम आज का कोण जाणे संपत नव्हतं.

स्वयंपाकघरात सरू चहा गाळत होती आणि गाळता गाळता दबक्या आवाजात बोलत होती. इतके शनिवार घालवले. नाक्यावर धिंड काढलीत. आणि ऐन वेळी सगळ्या पाव्हण्यांसमोर सांगायचं की जमलं नाही. माझ्या माहेरी. त्या पोपटसमोर. रघुनाथ पाटावर बसून ऐकून घेत होता.

तेवढ्यात ओटीवरून मामांचा आवाज आला, "सरू, त्याला कायपण बोलू नको गो. मला समदं ऐकू येतंय हितं."

सरूच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ओटी लांब होती, मध्ये माजघर होतं, आणि ती तर कुजबुजत होती. तिने सावकाश वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "चालतंय?"

रघुनाथने खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. सगळी लाटणी हवेत थांबली होती.

"छे!" तो आळीभर ऐकू जाईल असा ओरडला. "पार बिघडलंय! काही कामाचं नाही!"

सरूने डोळ्याला पदर लावला, आणि चहाचा पहिला कप वडिलांसाठी भरलेला होता तो त्याच्या हातात दिला. इतक्या अभिमानाने स्वतःच्या वस्तूला नावं ठेवणारा माणूस त्या आळीने पूर्वी ऐकला नव्हता.